टेगवेन धारेवर बसली

नान्टमोर गावाला एक खोड आहे. गावामागच्या क्रिब लास डोंगराच्या धारेवर हात टेकायचा नाही. दोन्ही अंगांना दरी, मधे जेमतेम पाऊल मावेल एवढा कातळ, आणि गावकरी त्यावरून बाजाराला निघाल्यासारखे ताठ चालतात. हात टेकला की तो बाहेरचा. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली टेगवेन रोलँड्स तर एकदा कोटाच्या खिशात हात घालून गेली होती. तेव्हापासून गावात तिच्या शब्दाला वजन आलं.

मग तिचा खुबा बदलावा लागला.

"आई, आता धार विसर," मुलगा इव्हान म्हणाला. तो डोंगरावरच्या बचाव पथकात होता. कुणाला कुठून स्ट्रेचरवर उतरवलं, हे त्याला तोंडपाठ होतं.

"विसरते. तू आधी रविवारी फुकट जेवायला यायचं विसर."

पाय बरा झाल्यावर टेगवेननं स्वतःलाच तपासलं. एका पायावर उभी राहायची आणि इव्हानला म्हणायची, "ढकल." नवा खुबा वजन पेलायचा, पण तोल सावरायला उशीर करायचा. धारेवर वारा विचारून ढकलत नाही. म्हणजे हात टेकणं आलं. नाहीतर धार सोडणं आलं. तिनं हात निवडले.

जुन्या खाणीमागच्या बुटक्या खडकांवर ती नवशिक्यासारखी रोज जाऊ लागली. तिथून पडलं तर गवतावरच. चढणं जमत होतं. घाम फुटायचा तो उतरताना. कातळाकडे तोंड करायचं, पायानं खाच चाचपायची, दाबून बघायची, मगच भार टाकायचा. दोन हात, दोन पाय. एका वेळी एकच हलवायचा. हेच पुन्हा पाठीवर सामान घेऊन, मग ओल्या बुटांनी.

घरी आल्यावर परसातल्या दगडी कुंपणावर दोन्हीकडे पाय सोडून बसायची आणि इंचाइंचानं पुढं सरकायची.

शेजारच्या विननं पाहिलंच. "टेगवेन, घोडं कुठं गेलं गं?"

"मिळालं नाही. शेजारी एक गाढव आहे, पण ते ताठच चालतं."

विन हसला. दुकानात मात्र बोलणं झालंच, "टेगवेन आता बाहेरच्यांसारखी जाणार म्हणे." ती पाव घेऊन घरी आली.

धारेवर जायचा दिवस दोनदा ठरला. दोन्ही वेळा हवामान बघून, इव्हान तोंड उघडायच्या आत, तिनंच बेत मोडला. दुसऱ्या खेपेनंतर तो तिच्यासाठी हेल्मेट घेऊन आला.

तिसऱ्यांदा कातळ कोरडा होता. विनही आला, डोक्यावर नुसती लोकरी टोपी. धारेच्या मधोमध तो पुढं ताठ चालत होता, तेवढ्यात खालून वारा उसळला. टेगवेन पाहता पाहता खाली बसली, दोन पाय दोन दऱ्यांकडे, छाती कातळाला. मागं इव्हानही बसला. विन मात्र हात पसरून डुलत होता.

"विन, बस खाली."

"अगं, पण..."

"बस म्हटलं ना."

शाळेत अख्ख्या पंगती गप्प करणारा तो आवाज. विन बसला.

वारा ओसरेपर्यंत तिघं धारेवर एका ओळीत चिकटून होते. नंतरही टेगवेन उठली नाही. अरुंद भाग संपेपर्यंत ती बसूनच सरकली. अवघड उताराशी तिनं कातळाकडे तोंड केलं, खाच चाचपली आणि सावकाश खाली आली. मग तिथूनच विनला सांगू लागली, डावा पाय कुठं, उजवा कुठं. ती सांगेल तसे पाय टाकत तो उतरला.

खिंडीत पोचल्यावर विननं मागं हात लावून पाहिलं. पॅण्ट उसवली होती.

इव्हान आईकडे बघत होता. "पथकात नवी मुलं आलीत. चढतात माकडासारखी, उतरता येत नाही. शिकवशील?"

टेगवेननं हेल्मेट काढलं, घामेजलेले केस मागं सारले. "शिकवते," ती म्हणाली. "पण त्यांना सांग, जुन्या पॅण्टी घालून या. पहिला धडा बसायचा आहे."