नोझुए-सान आणि केसभर मोठं नाणं

जपानातल्या आमच्या ताकाओकात निम्मी घरं ओतकामावर वाढलेली. शेजारच्या नोझुए-सानही त्यातल्याच. चाळीस वर्षं त्यांनी ओतशाळेत घंटा नि फुलदाण्या तपासल्या. आजही आमच्याकडे चहाला आल्या की किटलीला टिचकी मारून म्हणतात, "बरी आहे, पण कान जरा घाईत लावलाय."

त्यांच्या बटव्यात वडिलांचं एक जुनं, चौकोनी भोकाचं नाणं असे. वडील म्हणायचे, ही आई आहे. पूर्वी आधी एक सुबक नाणं घडवत आणि वाळूत त्याचा साचा घेऊन बाकीची ओतत. धातू निवताना आकसतो, त्यामुळे लेकरं आईपेक्षा केसभर लहान निघतात. वडिलांच्या या बोलण्याला नोझुए-सानचे दोन्ही भाऊ जन्मभर हसले. वडील खरं बोलत होते का, एवढंच नोझुए-सानना आता अडुसष्टाव्या वर्षी जाणून घ्यायचं होतं.

ताडून पाहायला साध्या नाण्यांचे खऱ्या मापातले शाईचे ठसे असलेलं जुनं पुस्तक लागतं. गावात ते एकट्या हिरोसाका-सानकडे, म्हणजे नाणेमंडळाच्या प्रमुखांकडे. ते म्हणाले, "पुस्तक घराबाहेर गेलं की परतीची वाट विसरतं."

मग स्वारी माझ्याकडे. "सातोए, तुझ्या त्या कॉम्प्युटरात पुस्तकं मिळतात म्हणे!"

"मिळतात. कचराही मिळतो."

"मला निवडायची सवय आहे, बाई."

आणि खरंच निवडलं त्यांनी. एका व्हिडिओतला पोरगा प्रत्येक नाण्याला दुर्मीळ म्हणत होता. वहीत नोंद झाली: 'ओरडतो. नको.' एका संकेतस्थळावर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. 'कोण जाणे कोण. नको.' जुन्या पुस्तकांच्या दुकानाच्या यादीत हवं ते पुस्तक दिसलं, पण विकलं गेलेलं. तिसऱ्या आठवड्यात एका मोठ्या ग्रंथालयाच्या संग्रहात ते अख्खंच्या अख्खं सापडलं, पानापानाचं चित्र, कडेला मोजपट्टीसुद्धा. मी पान छापून दिलं. त्यांनी ठशावर नाणं ठेवलं. चहूबाजूंनी केसभर बाहेर!

दुसऱ्या रविवारी त्या मंडळात गेल्या त्या शुभप्रसंगीच्या लाल भाताचे डबे घेऊन. हिरोसाका-साननी भिंगातून पाहिलं, कागदावर नाणं ठेवलं, पुन्हा पाहिलं आणि चक्क वाकून म्हणाले, "आई आहे. माझाही विश्वास नव्हता; तुमच्या वडिलांची मी माफी मागतो."

टाळ्या पडल्या. मी डबे उघडायला घेतले. तेवढ्यात नोझुए-साननी पिशवीतून पोलादी पट्टी काढली. माल पाठवण्याआधी एकदा मोजायचंच, ही ओतशाळेची सवय. छापलेल्या मोजपट्टीवर त्यांनी ती ठेवली. दहा सेंटिमीटरच्या जागी नऊ पूर्णांक सात!

"सातोए, तुझ्या यंत्राने पान आवळून छापलंय गं," त्या माझ्या कानाशी लागून म्हणाल्या.

मला कुठे तोंड लपवू असं झालं. पट्टी फक्त त्यांनीच पाहिली होती. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? पण त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मंडळी, नाणं मोठं नाही, कागद लहान आहे. धातू आकसतो हे आपल्याला पाळण्यापासून ठाऊक, पण कागदाची शंका एकालाही आली नाही!"

हशा पिकला. हिरोसाका-सान मात्र हसेनात. हळूच म्हणाले, "माझं पुस्तकही... छापील नाही. मित्राच्या पुस्तकावरून झेरॉक्स काढून बांधलेलं आहे."

"मग आणा की! मोजू."

आणलं. ग्रंथालयाच्या मोजपट्टीच्या हिशेबाने तेही आकसलेलंच होतं. भात संपेपर्यंत, त्या पुस्तकावरून मंडळाने आई ठरवलेल्या अकरा नाण्यांपैकी नऊ लेकरं ठरली. वडिलांचं नाणंही त्यांतलंच.

परतताना बसथांब्यावरूनच त्यांनी थोरल्या भावाला फोन लावला. "दादा, नाणं साधं निघालं."

"मी म्हणतच होतो! पन्नास वर्षं म्हणत होतो!" पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"म्हणत होतास. मोजलंस कधी?"

आणि लगेच त्याच पुढे म्हणाल्या,

"बाबा चुकले, पण रोज भिंग लावून बसायचे. तू बघितल्याशिवायच हसलास. आता येत्या रविवारी ये, पट्टी घेऊन ये. आणि येताना खायला काहीतरी आण, रिकाम्या हाताने येऊ नकोस."

"कुठली पट्टी?"

"पोलादी," नोझुए-सान म्हणाल्या. "कागदाची नको."