टेम्पो निघालाय

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मला पहिली नोकरी लागली. गावच्या मराठी शाळेतून मी आलेली. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी वसतिगृहात जागा मिळवून दिली म्हणून पदवीपर्यंत पोचले. आमच्या घरातली पहिलीच. ही नोकरी टिकावी यासाठी आई तिकडे गावी रोज प्रार्थना करत होती.

माझं काम फोन घेण्याचं. पहिल्याच आठवड्यात फोन वाजला आणि समोर बसलेले सर, म्हणजे कारखान्याचे मालक, म्हणाले, "सांग, मी नाहीये."

मी रिसीव्हर हातानं झाकला. "सर, तुम्ही आहात की!"

"अगं, तसं म्हणायचं असतं."

"मला नाही जमत, सर. मी ख्रिस्ती आहे."

"म्हणजे काय, बाकीचे ख्रिस्ती फोनवर खरं बोलतात?"

"त्यांचं ठाऊक नाही. मी सकाळी प्रभूला सांगून येते, आज खोटं बोलणार नाही म्हणून."

सर उठले, बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभे राहिले. "आता तरी सांग, बाई!"

मग ती रीतच पडली. पॅकिंगची पोरं ओरडायची, "सर, फोन आला, बाहेर व्हा!" मला हेही पूर्ण पटत नव्हतं, पण सर हसत हसत बाहेर जायचे आणि मीही हसायचे.

दिवाळीच्या तोंडावर मात्र हसू आटलं. बोरिवलीचा मिठाईवाला आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याच्या खोक्यांची झाकणं चुकीच्या रंगात छापली गेली होती आणि त्याचे फोनवर फोन येत होते. पुन्हा त्याचाच आला, तसा मी रिसीव्हर झाकून सरांकडे पाहिलं.

"सांग, टेम्पो निघालाय," सर म्हणाले. "जोगेश्वरीला ट्रॅफिकमध्ये अडकलाय."

"सर, टेम्पो खाली उभा आहे. रिकामा."

सर खिडकीशी गेले. "ए, जरा जोगेश्वरीला जाऊन ये रे!"

"माल कुठाय, साहेब?" खालून ड्रायव्हर.

"माल नको. नुसता जा!"

पोरं फिदीफिदी हसली. सर वळले, ते हसत नव्हते. "हा शेठ गेला ना, तर पहिली सुट्टी तुझी. कळलं?"

डोळ्यांसमोर आई आली. मनातल्या मनात 'प्रभू, सांभाळ' एवढंच म्हटलं. "काढून टाका, सर. पण हे मी नाही बोलणार."

सरांनी रिसीव्हर हिसकावून घेतला. खिडकीतून खालच्या रिकाम्या टेम्पोकडे पाहिलं. मग म्हणाले, "शेठ, टेम्पो निघालाच नाही. झाकणं चुकली आमची. उद्या संध्याकाळी देतो."

शेठचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. "रोज तुझा टेम्पो निघतोय! आज पहिल्यांदा कळलं तो कुठाय ते. उद्या निम्मे तरी पाठव, नाहीतर तोंड दाखवू नको."

सर खुर्चीत बसले, गटागटा पाणी प्यायले. "कुणाला काय सांगितलंय ते आज लक्षात ठेवायला नको," म्हणाले. आणि जरा वेळानं, "सकाळी त्या प्रार्थनेत नेमकं काय म्हणतेस गं?"

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी येशूच्या चरित्राचं माझं छोटं पुस्तक दिलं. सर ते ऑर्डर तपासावी तसं वाचायचे, बोट ठेवून, शंका काढत. एकदा चहाच्या वेळी म्हणाले, "हा शिष्य तर आपल्यातलाच निघाला. येशूला पकडून नेलं, तर ऐन वेळी म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. तेही तीनदा! तरी येशूनं ठेवला त्याला?"

"ठेवला, सर. उलट मोठी जबाबदारी दिली."

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. "मग मला पण घेईल," म्हणाले. "या रविवारी तुमच्या चर्चमध्ये आलो तर चालेल?"

मी मान डोलावली आणि जिन्यात जाऊन आईला फोन लावला.

"कामाच्या वेळेला फोन?" आई घाबरली. "नोकरी आहे ना गं?"

"आहे, आई. आणि रविवारी सर चर्चला येतायत."

आईनं तिथल्या तिथे, फोनवरच, मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. जिन्यात उभी राहून, डोळे मिटून मी हसत होते.