पार्टी चांगली आहे

‘‘साहेब, ही पार्टी कशी हाय?’’

सुभेदार बाबरांनी एका फौंड्रीचं, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याचं, ठेवी मागणारं छापील पत्रक माझ्या टेबलावर ठेवलं. मी लेजर तपासत होतो. पत्रकावरचं नाव बघितलं आणि म्हणालो, ‘‘चांगली आहे.’’

या दोन शब्दांचं ओझं अजून उतरलेलं नाही, म्हणून आधी त्यांचा अर्थ सांगतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी सांगलीत एका बँकेच्या शाखेत अकाउंटंट होतो, म्हणजे मॅनेजरच्या खालोखालचा अधिकारी. बँकेत ‘पार्टी’ म्हणजे व्यापारी खातेदार. ‘चांगली पार्टी’ म्हणजे जिच्या खात्यात भरपूर उलाढाल आहे आणि जिचे चेक परत जात नाहीत. एवढंच. माणूस सचोटीचा आहे किंवा धंदा नफ्यात आहे, असा त्याचा अर्थ नसतो. हे आम्हाला माहीत असतं. सुभेदारांना कुठून असणार?

पलटणीतून निवृत्त होताना त्यांनी पेन्शनचा काही भाग विकला होता. दरमहाचा तेवढा हक्क सोडून एकरकमी पैसे घ्यायचे, याला फौजी माणसं ‘पेन्शन विकणं’ म्हणतात. त्यात फंडाची भर पडून बावीस हजार झाले. उरलेली पेन्शन घरखर्चाला जेमतेम पुरायची. म्हातारपणी हात-पाय थकल्यावर नवरा-बायकोला आधार काय तो या रकमेचा. मीच ती एक, तीन आणि पाच वर्षांच्या ठेवींत विभागून दिली होती. सगळा पैसा एकदम अडकू नये, गरज पडली तर एक ठेव सुटावी, हा हेतू.

दुसऱ्या दिवशी सुभेदार तिन्ही ठेवी मोडायला आले.

‘‘फौंड्रीवाला शेकडा दीड रुपया महिना देतोय. म्हंजे वर्साला अठरा. तुमी त्याच्या निम्मंच देता.’’

‘‘सगळीच मोडताय?’’

‘‘तुमीच म्हणालात की पार्टी चांगली हाय.’’

तेव्हा मी त्यांना खुर्चीवर बसवायला हवं होतं. व्याज जास्त असतं तिथे धोकाही जास्त असतो, हे सांगायला हवं होतं. मी गप्प बसलो. कारण सांगायला लाज वाटते. फौंड्रीचं खातं आमच्याच शाखेत होतं. पैसे एका लेजरातून दुसऱ्यात जाणार, शाखेच्या ठेवींचा आकडा हलणार नाही, हे माझ्या मनात आधी आलं.

पुढे दर महिन्याच्या पाच तारखेला सुभेदार फौंड्रीच्या व्याजाचे तीनशे तीस रुपये घ्यायचे आणि मला ऐटीत नमस्कार करून जायचे. आठ-नऊ महिन्यांनी त्यांच्याबरोबर त्यांची बायको हौसाबाई आल्या. त्या कुपवाडच्या बाजारात अंडी विकायच्या. फौंड्री त्यांच्या वाटेवर.

‘‘आवं साहेब, त्या भट्टीतनं धूर कवा निघतो?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘चार बाजार झालं, मी बघतीया. धूर न्हाई. दारात वाळू न्हाई, भंगार न्हाई. मग हे पैसं येत्यात कुठनं?’’

‘‘अगं, अंडी विकणारीनं फौंड्री शिकवू नये,’’ सुभेदार हसत म्हणाले.

‘‘कोंबडी अंडी द्यायची थांबली तर मला कळतं. तेवढंच इचारलं.’’

ते गेल्यावर मी फौंड्रीचं पान उघडलं. उलाढाल भरपूर होती. पण पंपवाल्या कारखान्यांचे चेक, जे मालाच्या विक्रीचे यायचे, ते कधीच बंद झाले होते. दोन, तीन, चार तारखेला रोख भरणा, गोल आकडे. पाच तारखेला व्याजाची रक्कम बाहेर. म्हणजे नव्या ठेवीदाराच्या पैशातून जुन्याला व्याज. महिनोन्‌महिने ते पान माझ्या सहीखालून जात होतं. चेक परत जात नव्हते म्हणून मी पुढे पाहिलंच नव्हतं.

मी मॅनेजर चौगुलेसाहेबांकडे गेलो.

‘‘खातेदाराची माहिती दुसऱ्याला द्यायची नाही,’’ ते म्हणाले. ‘‘नोकरी जाईल.’’

‘‘मग मी ‘चांगली’ म्हणालो, ती माहिती नव्हती का?’’

त्यांनी चष्मा पुसला. ‘‘तीही द्यायची नव्हती.’’

रविवारी सायकल काढून मी सुभेदारांच्या गावी गेलो. त्यांनी खाटेवर बसवलं, पण डोळ्यांत संशय होता.

‘‘मला काही सांगता येत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘फक्त मागे बोललेला शब्द परत घ्यायला आलोय.’’

‘‘बँकेला ठेवी कमी पडल्या वाटतं.’’

‘‘तसं नाही.’’

‘‘मग शब्द परत घ्यायला तो काय ठेवीची पावती हाय?’’

हौसाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. ‘‘साहेब सात मैल सायकल हाणत चहा प्यायला आलं न्हाईत. उद्या जावा आन् पैसं मागा.’’

फौंड्रीच्या शेठनं सुभेदारांना तीन दिवस फिरवलं. शेवटी आठ हजारांचा चेक दिला. उरलेले चौदा पुढच्या महिन्यात देतो म्हणाला.

चेक घेऊन दोघं सकाळीच बँकेत आली. मी खातं बघितलं. शिल्लक दोनशेच्या आत. चेक लगेच घेतला असता तर परत करावा लागला असता. ‘‘थोडं बसा,’’ म्हणालो.

तासाभरानं एक निवृत्त मास्तर काउंटरवर आले. रहिमतपूरहून पहिल्या एस.टी.नं निघालो, म्हणाले. काखेत छत्री, हातात फौंड्रीच्या खात्याची भरणा-स्लिप. नऊ हजार रोख. अक्षर मोत्यासारखं. कॅशियरनं पैसे मोजून घेतले आणि स्लिप सहीसाठी माझ्याकडे आली.

समोर बाकावर हौसाबाई बसल्या होत्या. मास्तर छत्री टेकवून पावतीची वाट बघत होते. एका शब्दानं ते थांबले असते. सुभेदारांसाठी मी सात मैल गेलो होतो. मास्तर माझ्यापासून तीन हातांवर होते.

मी सही केली. मग सुभेदारांचा चेक घेतला आणि पास केला. दोन्ही कामं नियमाप्रमाणे झाली.

पुढच्या महिन्यात फौंड्रीला कुलूप लागलं. सुभेदारांचे चौदा हजार गेले. वाचलेले आठ हजार त्यांनी पुन्हा आमच्याकडे ठेवले, या वेळी हौसाबाईंचं नाव जोडून. जाताना त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्यामुळं एवढं तरी हाताला लागलं, साहेब.’’ मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असावा.

मास्तर त्यानंतर एकदा शाखेत आले. माझी तक्रार करायला नव्हे. फौंड्रीवाल्याचा पत्ता विचारायला आले होते.

आज निवृत्तीला आलेले लोक मला विचारतात, पैसे कुठे ठेवू? मी दर सांगत नाही. तुम्हाला व्याज द्यायला तो माणूस पैसे कुठून आणणार, ते आधी जाऊन बघा, म्हणतो. ही अक्कल हौसाबाईंची. माझ्या पदरची एवढीच, की अमुक पार्टी कशी आहे असं कोणी विचारलं तर मी माहीत नाही म्हणतो, आणि मग हातातलं काम बाजूला ठेवून त्यांना समोर बसायला सांगतो.