मैल्याच्या टाकीशिवायचं मॉडेल

बांधकामाचं संगणकावरचं मॉडेल म्हटलं की मला आजही संडासाचा वास येतो. लोक हसतात. हसू देत.

कापसाने वऱ्हाडाची दैना केली त्या वर्षांत दर्यापूरला मुलींचं वसतिगृह मंजूर झालं. खेड्यातल्या पोरींचं शिक्षण रोजच्या जीपच्या भाड्यापायी सुटत होतं, म्हणून. साइटवर इंजिनिअर मी. जिल्ह्याच्या गावी, राजापेठेतल्या आमच्या ऑफिसात भिंतीवरच्या पडद्यावर मॉडेल गरगर फिरायचं. खोल्या, जिने, निळे-हिरवे पाइप. ते पुण्याच्या सल्लागारांनी केलेलं, बदलायचा हक्कही त्यांनाच. आमच्या काळ्या मातीत त्यांनी कधी पाय ठेवला नाही. वरून नियम असा, की मॉडेलप्रमाणे असेल त्याच कामाचं बिल निघणार.

हे मॉडेल इमारतीच्या भिंतीपाशी संपायचं. मैल्याची टाकी बाहेरच्या कामात, दुसऱ्या ठेकेदाराकडे. त्याच्या खड्ड्याला पाणी लागलं म्हणून त्याने टाकी वर घेतली. दुसरं काय करणार होता? पण आता संडासाच्या पाइपला उतारच उरेना. संडासांची जमीन उचला, असं मी बैठकीत ओरडून सांगितलं. सल्लागार पडद्यावरूनच म्हणाले, "मॅडम, मॉडेलमध्ये काहीच अडचण दिसत नाहीये." दिसेल कशी? टाकी त्यात होतीच कुठे! आमचे साहेब म्हणाले, मंजूर मॉडेलला हात लावला तर उद्घाटन लांबेल. इमारतीच्या ठेकेदाराने मुकाट्याने मॉडेलप्रमाणे काम उरकलं.

उद्घाटनाला पाहुण्यांना हॉलमध्ये बसवून ती इमारत टीव्हीवर फिरवून दाखवली. ज्या इमारतीत बसलेत, तीच! टाळ्या वाजल्या. संडासांकडे कुणी फिरकलं नाही. मला त्या सगळ्यांची किळस आली.

मुली राहायला आल्या आणि थोड्याच दिवसांत संडास उलटे भरून आले. पोरी डबे घेऊन मागच्या सोयाबीनमध्ये जायला लागल्या. टवाळ माणसं तिकडे घुटमळू लागली.

मग एका मुलीची आई तिला न्यायला आली. त्यांच्या घरातून कॉलेजात गेलेली ही पोरगी पहिलीच.

"थोडं थांबा, दुरुस्ती होईल," मी म्हणाले.

"कवा होईन?"

साहेबांनी मला दिलेलं उत्तर मी तिला दिलं. बदललेलं मॉडेल मंजूर झालं की.

"म्हंजे कॉम्पुटर हो म्हनन, मंग माही पोरगी संडासले जाईन?" ती म्हणाली. "पोरीले वावरातच बसवाचं होतं म्याडम, त आमचं घरचं वावर काय वाईट होतं?"

"माय, परीक्षा हाय माही," मुलगी रडत म्हणाली.

आईने पेटी डोक्यावर घेतली आणि जीपच्या रस्त्याला लागली. मुलगी मागे वळून बघत गेली. मी त्यांना अडवलं नाही. कोणत्या तोंडाने अडवणार?

परीक्षेच्या आधीच तिचं लग्न उरकलं, असं तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने सांगितलं.