सासूबाईंनी जपलेलं इंजिन

आमच्या गाडीचं इंजिन जाम झालं ते सासूबाईंच्या मायेने. हे फक्त मला आणि नवऱ्याला ठाऊक होतं. नवऱ्याचं ठीक आहे, तो मुळातच घुम्या. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माहेरी चिपळूणपासून सासरी भांडुपपर्यंत सगळ्यांना माहीत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गाडी इंग्रजी बनावटीची, गोल दिव्यांची. सासरे ज्या शेटकडे आयुष्यभर ड्रायव्हर होते, त्यांनी निवृत्तीच्या वेळी ती सासऱ्यांना देऊन टाकली होती. पुढे सासरे आजारी पडले. इस्पितळात जाण्याआधी त्यांनी सासूबाईंना इंजिनाचे प्लग कसे काढायचे ते दाखवलं आणि बजावलं, की महिन्यातून एकदा चारी सिलिंडरांत थोडं तेल सोड, इंजिन मोकळं राहील. ते घरी परत आले नाहीत. सासूबाई मात्र दर अवसेला पदर खोचून, पाना घेऊन गाडीपाशी जायच्या. अशी कित्येक वर्षं गेली. मी लग्न होऊन आले तेव्हाही हा नेम चालूच होता.

मला उभी गाडी बघवत नाही. चिपळूणला वडिलांचं गॅरेज होतं आणि मी त्याच ग्रीसमध्ये वाढले. एके दिवशी मी जाहीर केलं, "आई, गाडी मी चालू करणार." आमची अख्खी वाडी हसली. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कर गो. महिन्याच्या महिन्याक तेल सोडलंय. हँडल मारलंस की फिरतला."

गाडीच्या नाकात लोखंडी हँडल खोचून मी त्यावर अख्खी उभी राहिले, तरी ते तसूभर हललं नाही. मग हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं. आत पिवळट, साबणासारखा लगदा बसलेला, त्याखाली गंज, आणि वास गेल्या दिवाळीच्या खवट चिवड्यासारखा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुठलं तेल, हे सासऱ्यांनी सांगितलंच नव्हतं. सासूबाईंनी घरातलं सगळ्यांत चांगलं तेल घातलं होतं: गावच्या घाण्याचं खोबरेल, जे आमच्या केसांनाही सणावारीच मिळायचं.

"आई, हे तर..." नवऱ्याने सुरुवात केली. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"काय झाला गो?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. इतके पावसाळे बाहेर उभी, पाणी शिरलं," मी म्हटलं. त्यांचं तोंड उतरलं, पण थोडंसंच. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चिनी भाषेत बोलले.

त्यानंतर काम आणि गुपित दोन्ही बरोबरच चाललं. पिस्टनवर रॉकेल ओतून ठेवायचं, मग लाकडी ठोकळा धरून हलक्या हाताने ठोकायचं. घाई केली की वाट लागली. नवरा खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकायचा, "जोरात मार ना!" एकदाच त्याचं ऐकलं आणि एक पिस्टन फुटला. त्यानंतर हातोडी त्याच्यापासून लांब ठेवली.

तसे पिस्टन बाजारात मिळणं शक्यच नव्हतं. कुर्ल्याच्या भंगारात फिरता फिरता त्याच इंजिनाची एक मालवाहू व्हॅन सापडली, चेपलेली, पण पोटात चारी पिस्टन धड. फक्त एक साइज मोठे. भंगारवाला म्हणाला, "बाई, बसणार नाहीत." मी म्हटलं, "पिस्टन लहान होत नाही, पण भोक मोठं होतं." दुसऱ्याच दिवशी इंजिनाचा ब्लॉक रिक्षात घातला आणि पवईच्या रस्त्याने मरोळला नेला. तिथल्या वर्कशॉपमध्ये चारी बोअर, म्हणजे पिस्टन फिरतात ती भोकं, त्या पिस्टनच्या मापाने कोरून घेतले. व्हॅनच्याच व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आमच्या हेडला लावल्या. मी खूश होते. असं काम जमलं की मला कोणाच्या शाबासकीची गरज लागत नाही.

जाच होता तो वेगळाच. मी बोल्ट आवळत असायचे आणि सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असायच्या, "मिया तेल सोडलंय म्हणान इंजिन वाचला." मी दात आवळायचे. सासऱ्यांनी सांभाळायला दिलेली एकच गोष्ट त्यांच्याकडे होती आणि ती आपण नीट सांभाळली, या एका गोष्टीवर त्या ताठ उभ्या होत्या. ती मी काढून घेणार नव्हते. गाडी चालू झाली, की विषयच संपेल, असा माझा हिशेब.

वाडीत रंगीत टीव्ही नुकताच आला होता, तरी त्या रविवारी मंडळी टीव्ही सोडून गाडीभोवती जमली. मी हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, थरथरलं आणि सुरू झालं. काय झकास आवाज! पोरांनी शिट्ट्या मारल्या. मागून पांढरा धूर निघाला.

आणि धुराबरोबर वास. जळक्या खोबरेलाचा. सगळं इंजिन मी धुऊन काढलं होतं, पण तेल झिरपत सायलेन्सरपर्यंत गेलं असेल हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कोणीतरी ओरडलं, "अरे, कोण काय तळतंय?" लोक हसले. सासूबाई धुराजवळ गेल्या, पदराने नाक पुसलं, पुन्हा वास घेतला. मग सरळ माझ्यापाशी आल्या.

"गो, गाडी मियाच बंद पाडलंय ना?"

पुन्हा पावसाचं नाव घेता आलं असतं. पण त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या, आणि मला त्या बाईबद्दल फार आदर वाटत होता. खोटं बोलवेना.

"होय," मी म्हटलं. "तुमच्याच तेलाने जाम झाली. बाबांनी कुठलं ते सांगायला हवं होतं. चूक त्यांची."

त्या रडल्या, सगळ्यांसमोर. पदर तोंडावर न घेता. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना प्रथमच पाहत होते आणि मलाही आवरेना. इंजिन आपलं चालूच होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "मगे आता दर अवसेक काय घालू?"

"आता काही घालायचं नाही, आई. आता चालवायची. बसा."

त्यांनी चपला काढून बाहेर ठेवल्या आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या.