निमाकाकूंची सूर्यचूल

विजय नगरातल्या आमच्या गल्लीत निमाकाकूंच्या गच्चीवर सूर्यचूल उघडलेली दिसली, की सगळे समजायचे: आज प्रशांतचं जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून, आखातातल्या युद्धनौकांच्या पहाऱ्यातून जाणार. काकूंचा हा एकुलता एक मुलगा तेलवाहू जहाजावर इंजिनियर होता. त्या दिवशी घरात गॅस पेटत नसे. वरण-भात उन्हातच शिजायचा, ढग आले तर काकू उपाशी. कुणाची संकष्टी असते, कुणाचा गुरुवार. काकूंचं हे व्रत.

आम्ही नव्याने राहायला आलो, तेव्हा त्यांचा गॅस संपला असं समजून मी ह्यांच्या खांद्यावर आमचं भरलेलं सिलिंडर देऊन पाठवलं. काकू पोट धरून हसल्या. "अगं, गॅस आहे ना घरात! पण तोही तिथूनच येते. ज्या रस्त्यानं माझं लेकरू जीव मुठीत धरून जाऊन राहिलं, तिथला गॅस आज मी काहून जाळू?"

"काकू, तुमच्या वाटीभर डाळीनं जहाजं थांबणार आहेत का?" मी चिडवायची.

"नाही थांबत. पण मी तं थांबली ना!"

पुढे त्यांनी गच्चीवर सोलर पॅनल बसवले. समोरचे निवृत्त कर्नलसाहेब म्हणाले, "भाभीजी, तेल अरबों का था, पैनल चीन का है। मोहताज तो रहे ही!" हे काकूंना लागलं. दोन दिवसांनी फाटकाशीच त्यांनी साहेबांना गाठलं. "कल झगड़ा हुआ तो नया पैनल नहीं आएगा, मान लिया। पर जो लगा है वो तो चलेगा ना? तेल तो रोज मंगाना पड़ता है।"

"बात में दम है," साहेब म्हणाले, "पर बनने यहीं चाहिए।"

"तो बनाओ ना, भैया!"

एकदा आखातात फारच बिनसलं. प्रशांतचं जहाज अडकलं, फोन बंद. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. मला तर त्यांच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी तो सुखरूप घरी आला, आणि आईची दशा पाहून परत गेलाच नाही. रीव्याकडच्या एका सौर प्रकल्पात लागला.

तो प्रकल्प पाहायला काकूंबरोबर मीही गेले. नजर पोचेल तिथवर पॅनल. काकू मात्र बंदोबस्त शोधत होत्या. "इथं पहारा कोण देते रे?"

प्रशांतने बोट दाखवलं. एक म्हातारबाबा काठी आपटत बकऱ्या हाकलत होते.

"बस? एवढाच?"

"एवढाच, आई. बकऱ्या पॅनलच्या सावलीला येऊन बसतात."

काकू हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या. मग डोळे पुसून त्या बाबांकडे गेल्या, प्रशांतसाठी आणलेला डबा उघडला आणि पहिली पुरणपोळी त्यांच्या हातावर ठेवली. "लो भैया, पहले आप खाओ। मेरे बेटे की फौज तो अब आप ही हो।"