यल्ला, चढ बाळा

दुबईत अल नहदातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवायची. गर्भात मूत्रपिंडांच्या तीन जोड्या येतात, पहिल्या दोन मावळतात, तिसरी टिकते, हे मी त्यांच्याकडून घोकून घ्यायची. अर्धवट उत्तर मला खपत नसे.

२००८ साली बाजार कोसळला, त्या क्रॅशनंतरच्या हिवाळ्यात मला पाचवा महिना होता. नवरा सिव्हिल इंजिनिअर. दुबई मरीनातल्या त्याच्या साइटवरच्या क्रेन एकेक करून थांबल्या आणि त्याला नोटीस मिळाली. त्याच आठवड्यात मी एकटीच स्कॅनला गेले. मुलगी होती. तिची दोन्ही मूत्रपिंडं दिसत नव्हती, गर्भाभोवती पाणीही जवळजवळ नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आशा ठेवू नका.

घरी त्याचं उतरलेलं तोंड बघून मला खरं सांगवेना. म्हटलं, "किडन्या आधी खाली ओटीपोटात तयार होतात, मग वर चढतात. तिच्या अजून चढायच्यात."

वाक्य पुस्तकातलंच. फक्त हे चढणं तिसऱ्या महिन्यातच संपतं, एवढं मी गाळलं. वेड घेऊन पेडगावला गेले. पुढच्या स्कॅनलाही त्याला मुद्दाम नेलं नाही, तू मुलाखती बघ म्हटलं.

बुडत्याला काडीचा आधार. रोज सकाळी तो माझ्या पोटाशी तोंड नेऊन म्हणायचा, "यल्ला, चढ बाळा." अरबीतलं यल्ला, म्हणजे चल लवकर, कधी लाडानं, कधी चांगलं दटावून. सातव्यात शेजारणींनी हौसेनं डोहाळजेवण केलं. हिरवी साडी नेसून, फुलांची वाडी घालून मी पाटावर बसले आणि सगळ्यांकडे बघून हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

ती आठव्या महिन्यात जन्मली. मूत्रपिंडं नाहीत म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून फुप्फुसं वाढलेली नाहीत. दोन तास होती, त्याच्याच हातात. किडन्या चढायच्या राहून गेल्या, असंच तो समजला आणि मी समजू दिलं.

पुढे त्याला रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात नोकरी लागली. त्या सकाळच्या वेळेला मला मात्र अजून जाग येते, पोटाशी कुणी बोलतंय असं वाटून.

दोन-तीन वर्षांनी एका शुक्रवारी, सुट्टीमुळे तो घरी असताना, माझा क्लास चालू होता, विषय तोच, किडन्या वर चढण्याचा. एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅम, व्हॉट इफ दे क्लाइंब लेट?"

सवयीनं उत्तर गेलं, "उशिरा चढतच नाहीत. तिसऱ्या महिन्यानंतर खलास."

तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मुलं गेली. मग समोर बसून म्हणाला, "म्हणजे मी तिला उगाच दटावत होतो."